बनियनचा गुन्हा काय?

जुलै २०२५ मध्ये मुंबईतल्या आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात जे घडलं ते सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं. जेवणातली डाळ शिळी, वास मारणारी निघाली म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला ठोसे लगावले. त्या वेळी त्यांच्या अंगात बनियन होता आणि कमरेला टॉवेल. मग काय झालं? विरोधी पक्षांचे आमदार बनियन चढवून आणि टॉवेल गुंडाळून विधान भवनाच्या पायऱ्यांवर आले. ‘चड्डी-बनियन गँग’ हे शब्द सभागृहापर्यंत पोचले. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने हातावर पोट असलेल्या कामगाराला मारलं, ही त्यातली खरी लाजिरवाणी गोष्ट. पण चहाच्या टपरीवर, ट्रेनमध्ये, डबा खाताना मी जे ऐकलं त्यातलं निम्मं बोलणं ‘आमदार असून बनियनवर?’ याच सुरातलं होतं. समजा, त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा आणि जाकीट घालून तेच ठोसे मारले असते, तर ते कमी लागले असते का? आणि समजा, ते बनियन-टॉवेलवरच आले असते, ‘डाळ खराब आहे, बदलून द्या’ एवढं सांगून खोलीवर परत गेले असते, तर कुणाचं काय बिघडलं असतं? आमदार निवास ही शेवटी राहायची जागा आहे. रात्री जेवणाच्या वेळी माणूस तिथे घरच्या कपड्यांत असणारच.

हा वाद मी एव्हाना विसरलोही असतो. पण यंदा उन्हाळा तोंडावर आला तसा आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. सभासदांनी लिफ्ट, जिना, पार्किंग आणि गच्चीवर बनियन, लुंगी किंवा गाऊन अशा पोशाखात फिरू नये, त्यामुळे सोसायटीच्या प्रतिमेला बाधा येते, असा मजकूर. त्यावर दोन तट पडले. एक तट म्हणतो, ‘संस्कार नावाची काही गोष्ट असते.’ दुसरा म्हणतो, ‘मेंटेनन्स मी भरतो, मी काय घालायचं ते मीच ठरवणार.’ दोन्ही बाजू मला पटत नाहीत. संस्कारवाल्यांना हा संस्कार कधी आणि कुठून आला ते सांगता येत नाही, आणि मर्जीवाले जणू आपण बेटावर एकटेच राहतो अशा थाटात बोलतात.

माझं म्हणणं असं आहे. स्वच्छ, धडका बनियन घालून पुरुष गॅलरीत, जिन्यात, गल्लीत, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, शेतात, बाजारात वावरला तर त्यात असभ्य असं काहीही नाही. जिथे माणूस एखाद्या पदाने उभा असतो, जिथे त्याचं घामेजलं अंग दुसऱ्याला चिकटतं, किंवा जिथे तो दुसऱ्यासाठी अन्न हाताळतो, तिथे बनियन नको. एवढी मर्यादा पुरेशी आहे. याच्या पलीकडे जी बंदी घातली जाते ती सभ्यतेच्या नावाखाली घातली जात असली, तरी तिचं खरं काम माणसांना पायरी दाखवायचं असतं.

बनियन हा ‘आतला कपडा’ आहे, तो बाहेर दिसला की लाज गेली, हा पहिला आक्षेप. तो वरवर बिनतोड वाटतो. पण आतलं आणि बाहेरचं हे ठरवलं कुणी? ‘बनियन’ या शब्दाचाच प्रवास बघा. आपल्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या गुजराती वाण्यांना युरोपीय लोक ‘बनियन’ म्हणू लागले. हिंदुस्थानी धाटणीचा सैल, मोकळा झगा घरात वापरायची टूम अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू लोकांत आली आणि त्या झग्याला हेच नाव पडलं. मोठमोठ्या विद्वानांनी आणि व्यापाऱ्यांनी तो घालून ऐटीत स्वतःची तैलचित्रं काढून घेतली. पुढे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीत ते नाव आत घालायच्या सदऱ्याला चिकटलं आणि आपल्याकडे परत आलं. आजोबांच्या तोंडचा ‘गंजीफ्रॉक’ इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आला. तिथल्या दर्यावर्दी कोळ्यांचा विणलेला जाड सदरा म्हणजे गर्न्सी फ्रॉक. तो बंदरात, होडीवर, सगळ्यांच्या देखत घालायचा कपडा होता. आणि बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो ते युजेन सँडो या मल्लाच्या नावावरून. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात खेळ करत फिरला होता. कमावलेलं अंग लोकांना दाखवणं हाच त्याचा धंदा होता. तिन्ही नावांच्या मुळाशी लपवायचा कपडा कुठे सापडतो?

आपल्या घरातही फार मागे जायला नको. सोवळ्याचं जेवण, पूजा, श्राद्धपक्ष यांत पुरुष कमरेला मुकटा किंवा पंचा आणि वर उघडे, फार तर खांद्यावर उपरणं, असेच बसत. शिवलेला कपडा त्या वेळी अंगावर चालतच नसे. खेड्यात धोतर आणि खिशाची बंडी घालून म्हातारी माणसं आजही आठवडी बाजाराला जातात, तालुक्याच्या कचेरीत जातात, मुलीच्या सासरी जाऊन ओसरीवर बसतात. बंडीलाही बाह्या नसतात. ती कापडाची आणि शिवलेली, बनियन सुताचा आणि यंत्रावर विणलेला. यापलीकडे फरक काय? वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा आणि बनियन दोन्ही उतरवावे लागतात. तिथे उघडं अंग ही नम्रता ठरते. केरळमध्ये अनेक देवळांत हाच नियम आहे. तो मोडायला हवा असं शिवगिरी मठाच्या स्वामी सच्चिदानंदांनी २०२४ च्या अखेरीस म्हटलं, मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी त्यांना पाठिंबा दिला आणि त्यावर मोठा वाद झाला. म्हणजे देवापुढे उघडं जाणं हा आदर, आणि शेजाऱ्यापुढे बनियनवर जाणं हा अनादर. या दोन्ही गोष्टी एकाच समाजात सुखाने नांदतात. अंग किती दिसतं यावर सभ्यता ठरत असती तर हे शक्य झालं असतं का?

टी-शर्टचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. अमेरिकी आरमाराने १९१३ च्या सुमारास खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिलेला तो सदरा. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांनी तो वरचा कपडा म्हणून घालायला सुरुवात केली, आणि आज आपली मुलं तोच घालून कॉलेजात, देवळात, लग्नाच्या केळवणाला जातात. आपल्याकडे हा प्रवास अजून संपलेला नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना कचेरीत टी-शर्ट आणि जीन्स घालायला मनाई केली, आणि मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही तसाच आदेश निघाला. म्हणजे एकाच कपड्याच्या तीन अवस्था एका शतकात दिसतात: आतला, बाहेरचा पण हलका, आणि मग सर्वमान्य. बनियन यातल्या पहिल्या पायरीवर कायमचा का अडकावा, याचं कारण कुणीतरी मला सांगावं.

कारण सांगायचं तर ते कपड्यात सापडणार नाही, तो घालणाऱ्यात सापडेल. आमच्याच सोसायटीत सकाळी जिमला जाणारी मुलं खोल गळ्याचे, काखेत पार कमरेपर्यंत कापलेले रंगीत व्हेस्ट घालून लिफ्टमधून उतरतात. बनियनपेक्षा त्यांत अंग जास्तच दिसतं. सूचनेत त्यांचं नाव नाही. बास्केटबॉलची जर्सी, धावण्याच्या स्पर्धेतला बिनबाह्यांचा बनियन, मॉलमध्ये ‘टँक टॉप’ म्हणून टांगलेला कपडा, या सगळ्यांची कापणी एकच आहे. पण तो महाग झाला, त्यावर कंपनीची खूण आली आणि आतलं अंग तरुण, पीळदार असलं की तो खेळाचा पोशाख होतो. तोच स्वस्तातला पांढरा सुती असेल, आत सुटलेलं पोट असेल, पिकलेले केस असतील, तर ती विटंबना होते. हा न्याय मला मान्य नाही. म्हातारं, बेढब, काळवंडलेलं अंग हा गुन्हा नव्हे.

आणि या पांढऱ्या बनियनला बदनाम करायची सवय आपल्यापुरती नाही. अमेरिकेत याच कपड्याला बोलीत ‘वाइफबीटर’ म्हणतात, म्हणजे बायकोला मारणारा. जणू सुटाबुटातला नवरा हात उगारतच नाही. आपल्याकडे घरफोड्या करणाऱ्या टोळ्यांना पोलिसांच्या नोंदीत आणि बातम्यांत ‘चड्डी-बनियन टोळी’ म्हणतात. मारहाण, चोरी, दारू, आळस या सगळ्यांचं चित्र काढताना आपण माणसाला बनियन घालतो. मोठमोठे बँकघोटाळे करणारे लोक कोणत्या पोशाखात होते, यावरून त्यांच्या टोळीला कुणी नाव दिल्याचं मला आठवत नाही. आमदार निवासातल्या त्या रात्रीनंतर चर्चा ठोशावरून घसरून बनियनवर गेली ती याच सवयीमुळे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत विणखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून त्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. वर मागांची उष्णता, आणि उडणारी तूस घामावर चिकटते. तिथे सगळे बनियन आणि अर्ध्या चड्डीवर काम करत. पाळी सुटली की बरेचजण तसेच खांद्यावर टॉवेल टाकून चाळीत येत. आमच्या चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी बनियनवर बसलेली ती रांग मला अजून दिसते. कुणी पेपर मोठ्याने वाचतोय, कुणी भजनाची चाल बसवतोय, कुणी संपाबद्दल हलक्या आवाजात बोलतोय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्याआधी कित्येक महिने त्याची चर्चा त्या गॅलरीत झाली होती. पुस्तकांत ‘सार्वजनिक जीवन’ म्हणतात ते मी प्रथम तिथे पाहिलं, आणि ते बनियन घालून बसलं होतं. नवी मुंबईच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारे माथाडी, भात लावताना पावसात भिजणारे कोकणातले शेतकरी, ससून गोदीत टोपल्या उचलणारे लोक यांना ‘सभ्य दिसा’ असं सांगण्याआधी आपण त्यांचं काम एक दिवस करून पाहावं.

इथे मात्र मला थांबायला हवं. कारण याच वडिलांची दुसरी एक आठवण आहे, आणि ती माझ्या बाजूने साक्ष देत नाही. माझ्या शाळेत निकालाच्या दिवशी ते परस्पर गिरणीतून आले होते. फाटकाबाहेर थांबून त्यांनी पिशवीतला पांढरा सदरा काढला, बनियनवर चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि मगच आत आले. ‘मास्तरांनी तुला माझ्या कपड्यावरून मापू नये,’ असं नंतर घरी म्हणाले. त्यांना सदऱ्याची किंमत माहीत होती, कारण तो नसला की काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं.

या लेखावरचा सर्वांत जड आक्षेप इथून येतो. बनियनचं कौतुक ज्यांच्या कपाटात दहा सदरे आहेत त्यांनाच परवडतं, असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही. ज्यांना अंगभर कपडा घालायची मुभाच नव्हती, त्यांच्यासाठी अंग झाकणं हाच विद्रोह होता. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकायला मनाई होती. कित्येक दशकं झगडल्यावर, दंगे आणि मारहाण सोसल्यावर, १८५९ मध्ये ती मनाई उठली. तीसुद्धा, वरच्या जातीच्या बायकांसारखं पांघरायचं नाही, या अटीवर. आपल्याकडे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, की ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते ते टाकून द्या. लुगडं कसं नेसायचं हा त्यांच्या दृष्टीने किरकोळ विषय नव्हता. नव्या कपड्यांत, बुटांत, गॉगल लावून फिरला म्हणून दलित तरुणाला मार बसल्याच्या बातम्या आजही येतात. अशा देशात ‘कमी कपडे घाला, मोकळे व्हा’ असा उपदेश करणं मला शोभणार नाही, आणि मी तो करतही नाही.

पण याच इतिहासातून मी उत्तरही घेतो. १९३१ मध्ये लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला दोन माणसं गेली होती. गांधीजी पंचा नेसून आणि शाल पांघरून. दहा वर्षांपूर्वी, २२ सप्टेंबर १९२१ ला, मदुराईत त्यांनी सदरा-टोपी सोडली होती, कारण परदेशी कापड जाळा म्हटल्यावर खादी घ्यायलाही पैसे नसलेले लोक त्यांनी पाहिले होते. त्याच पोशाखात ते बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटले, आणि त्याच वर्षी चर्चिल यांनी त्यांच्या अर्ध्या उघड्या अंगावरून त्यांना हिणवलं. दुसरे बाबासाहेब, नेटक्या सुटात. ज्यांच्या वाडवडिलांना धडकं नेसू दिलं नाही त्यांच्या वतीने ते तिथे बसले होते. दोघांत कुणाचा पोशाख सभ्य होता? हा प्रश्नच चुकीचा आहे, हे आपल्याला चटकन कळतं. दोघांनीही काय घालायचं ते स्वतः ठरवलं होतं, आणि दोघांनाही ‘तुमच्यासारख्यांनी असं राहावं’ असं सांगणारा कुणीतरी वर बसलेला होता. मग आपल्या जिन्यातल्या माणसाबाबत हे इतकं अवघड का व्हावं? वडिलांचा शाळेतला सदरा त्यांचा होता आणि गॅलरीतला बनियनही त्यांचाच होता. दुसऱ्या कुणी त्यांना यातलं एक सक्तीने घालायला लावलं असतं, तर मी त्यांच्या बाजूने भांडलो असतो.

दुसरा जड आक्षेप बायकांचा आहे, आणि तो मी माझ्या घरातच ऐकला. ‘तुम्ही बनियनवर कट्ट्यावर बसता, मला गॅलरीत कपडे वाळत घालतानाही ओढणी शोधावी लागते,’ असं बायको म्हणाली. याला उत्तर नाही. पुरुषाचा उकाडा हा उकाडा आणि बाईचा उकाडा म्हणजे चवचालपणा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवत आलो आहोत. गाऊन हा तर बनियनचाच भाऊबंद आहे: सुती, सैल, स्वस्त, घरकामाचा. तरीही त्यासाठी गावांनी दंड ठेवले. नवी मुंबईतल्या गोठिवलीत २०१४ मध्ये दिवसा गाऊनवर बाहेर दिसणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड जाहीर झाला, आणि तो जाहीर करणारं मंडळ महिलांचंच होतं. आंध्रातल्या टोकलपल्ली गावाने २०१८ मध्ये २००० रुपये दंड लावला, वर खबर देणाराला बक्षीस ठेवलं. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीने बागेत लुंगी आणि नाइटी नको असं फर्मान काढलं. बनियनवाल्या पुरुषांना मात्र असा दंड कुठल्या गावाने ठेवल्याचं मी वाचलेलं नाही. ही विषमता खरी आहे. पण ती मिटवायचे मार्ग दोन आहेत. एक, पुरुषांनाही बांधून टाका. दुसरा, बायकांनाही सोडा. आमची सोसायटी पहिल्या मार्गाला समानता म्हणते. मला दुसरा हवा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका रिसॉर्टमधल्या नाचाच्या प्रकरणातला गुन्हा रद्द करताना हेच धरलं, की तोकडे कपडे घालून नाचणं म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही, आणि काळ बदलतो तसे हे निकषही बदलतात. न्यायालय एवढं पुढे गेलं असेल तर पार्किंगची समिती मागे का?

कट्ट्यावर बनियनवर पसरलेल्या टोळक्यासमोरून जाताना मुलींना नको वाटतं, हेही मी नाकारत नाही. पण त्यांना नको वाटते ती रोखलेली नजर, ती शेरेबाजी, रस्ता अडवून पसरणं. हेच टोळकं उद्या शर्टाची बटणं लावून बसलं तर मुलींची वाट मोकळी होईल का? नियम करायचाच असेल तर छेड काढणाऱ्याला, शेरे मारणाऱ्याला जाब विचारणारा करा. ते अवघड आहे, त्यात सोसायटीतल्याच कुणाच्या तरी मुलाचं नाव येईल, म्हणून आपण कपड्यावर नियम करतो.

पदाचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राजस्थान उच्च न्यायालयापुढे एक वकील घरून बनियनवरच दृक्‌श्राव्य सुनावणीला हजर झाले, आणि न्यायमूर्तींनी जामिनाची ती सुनावणी पुढे ढकलली. ते योग्यच केलं. त्या क्षणी ते गृहस्थ आपल्या खोलीत नव्हते, न्यायालयात होते, आणि कुणाच्या तरी स्वातंत्र्याची बाजू मांडत होते. शिक्षक वर्गात, डॉक्टर वॉर्डात, आमदार सभागृहात असताना कपड्याने ‘मी आता तुमच्या कामासाठी उभा आहे’ असं सांगतात. स्वयंपाक्याने बनियनवर भटारखान्यात उभं राहू नये, गर्दीच्या लोकलमध्ये आणि एसटीत घामाचा दंड दुसऱ्याच्या तोंडाशी येऊ देऊ नये, बँकेच्या रांगेत सदरा असावा. यावर वाद घालण्यासारखं काही नाही. फाटका, मळका, आरपार दिसणारा बनियनही नको, पण मग तसा सदराही नको. जिना, गच्ची आणि पार्किंग यांत मात्र माणूस कुठल्या पदाने उभा असतो?

राहता राहिली ‘प्रतिमा’. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला दारातच अडवलं गेलं. तो मुलाबरोबर सिनेमा बघायला आला होता. बाहेर इतका संताप झाला की तो मॉल सात दिवस बंद ठेवायची वेळ आली. त्या वेळी आमच्या सोसायटीतही सगळे हळहळले होते. पण आपल्या सूचनेतलं ‘प्रतिमेला बाधा’ आणि त्या दारावरच्या माणसाने मनात धरलेली प्रतिमा यांत फरक काय? ती प्रतिमा ज्यांच्यासाठी जपायची ते पाहुणे, गिऱ्हाईक, फ्लॅटचा भाव विचारायला येणारे. म्हणजे इथे राहणाऱ्याने सतत न आलेल्या माणसासाठी नटून राहायचं. परदेशाचे दाखले देणाऱ्यांनीही जरा नीट पाहावं. बार्सिलोनाने २०११ मध्ये किनारा सोडून शहरात नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत फिरायला बंदी केली, चीनमधल्या जिनान शहराने २०१९ मध्ये उघड्या अंगाने किंवा सदरा पोटावर गुंडाळून फिरणाऱ्या पुरुषांना आवर घालायचं ठरवलं. दोन्हीकडे रोख उघड्या अंगावर आहे. बनियन तर अंग झाकतो.

आणि उकाडा हे काही नुसतं निमित्त नव्हे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली. चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि मुंबई-ठाण्यात घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. सुती, बिनबाह्यांचा, अंगाला चिकटून घाम टिपणारा आणि काखा मोकळ्या ठेवणारा कपडा या हवेसाठी आणखी कसा असायला हवा होता?

ही सूचना ज्या फलकावर लागली आहे त्याच्या शेजारी आमच्या वॉचमनची पत्र्याची केबिन आहे. साठीच्या घरातले काका आहेत. एजन्सीच्या नियमाप्रमाणे त्यांना पूर्ण बाह्यांचा, पॉलिस्टरचा निळा गणवेश, पट्टा आणि टोपी बारा तास अंगावर ठेवावी लागते, एप्रिलमध्येसुद्धा. केबिनला पंखा नाही. परवा दुपारी कुणी नाही असं बघून त्यांनी शर्टाची वरची तीन बटणं सोडली होती. मी लिफ्टकडे येताना दिसलो तशी त्यांनी घाईघाईने ती लावली आणि ‘सॉरी साहेब’ म्हणाले. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस, माझ्यासमोर गळा झाकत होता.

मी समितीला पत्र दिलं आहे. सूचनेतला पोशाखाचा मजकूर पूर्ण काढावा, बनियन, लुंगी आणि गाऊन तिन्ही. वॉचमनना उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा सुती गणवेश द्यावा म्हणून एजन्सीला कळवावं. आणि केबिनमध्ये पंखा बसवावा. त्याचा खर्च मी भागवायला तयार आहे, पण तो सोसायटीने करावा असं मला वाटतं. सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहाला गच्चीवर आहे. पोशाखाचा विषय विषयपत्रिकेवर सातवा आहे. पंख्याचा घेतलेला नाही. तो मी आयत्या वेळच्या विषयांत मांडणार आहे.